सीवाचा कौल

आजचा श्लोक गीतेच्या सातव्या अध्यायातला, १६ वा. भक्त चार प्रकारचे : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. हा श्लोक आला की मला दर वेळी एक परका माणूस आठवतो. सिकंदर.

इ.स.पू. ३३१. इजिप्त हातात आलाय, पण पर्शियाचा दरायस अजून पुरता हरलेला नाही. अशा वेळी हा गडी सीवाला निघाला. सीवा म्हणजे इजिप्तच्या पश्चिम टोकाचं, आजच्या लिबियाच्या सीमेजवळचं मरूद्यान. झरे, खजूर, ऑलिव्ह, खारी तळी आणि चहूबाजूंनी वाळू. समुद्रकिनारा साधारण ३०० किलोमीटरवर. आता मर्सा मत्रूहून डांबरी रस्ता आहे, बस काही तासांत पोचवते. तेव्हा मात्र वाटेत पाणी संपलं, पाऊस आला म्हणून निभावलं. वाऱ्याने खुणा बुजल्या. कावळ्यांनी वाट दाखवली असं काही जण सांगतात. त्याचाच सेनापती टॉलेमी म्हणतो साप होते, तेही बोलणारे! (मला आपले कावळेच पटतात.)

एवढा खटाटोप कशासाठी? अमून देवाचा कौल घ्यायला. आपल्या कोकणात देवाला कौल लावतात ना, तसाच. आत काय विचारलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मनाला हवं होतं तेच ऐकायला मिळालं, असं तो म्हणाला, एवढंच एरियन लिहितो.

इथेच मन अडतं. हवं तेच ऐकू आलं, तर कौल देवाचा की आपलाच? समजा पुजारी म्हणाला असता, "बाळा, घरी जा, आई वाट बघतेय," तर तो फिरला असता मागे? मला नाही वाटत. आपल्यातही कितीतरी जण ऑफर लेटरवर सही करून मग महाराजांच्या दर्शनाला जातात, "जाऊ का?" विचारायला. उपास कडक, रांग सहा तासांची, सगळं खरं. फक्त "नको" ऐकायची तयारी नसते.

म्हणून सिकंदराला ढोंगी ठरवून मोकळं व्हावं का? दोनच श्लोक पुढे भगवंत या चौघांनाही उदार म्हणतात, अर्थार्थ्यालासुद्धा. आणि अर्जुन तरी काय वेगळा? दुसऱ्या अध्यायात म्हणतो, मी तुझा शिष्य, मला सांग. लगेच दोन श्लोकांनी स्वतःच निकाल देतो, लढणार नाही, आणि गप्प बसतो. उत्तर ठरलेलंच होतं त्याचंही! कृष्णाने त्याला परत पाठवलं नाही. किंचित हसला आणि बोलायला लागला.

फरक पुढे पडला. अर्जुन थांबला. तिसऱ्या अध्यायात उलट विचारतो, पाचव्यात पुन्हा, अकराव्यात तर थरथर कापतो, पण उठून जात नाही. सिकंदर हवं ते ऐकून निघाला. न आवडणारं ऐकायला वेळ लागतो, तेवढा त्याने देवाला दिलाच नाही.

अघुर्मीच्या टेकडीवर त्या देवळाचे अवशेष आजही आहेत. काय ऐकलं ते परत आल्यावर फक्त तुलाच सांगेन, असं त्याने आईला पत्रात कळवलं होतं, असं प्लुटार्क सांगतो. इ.स.पू. ३२३ मध्ये बॅबिलोनला त्याचा मृत्यू झाला. आईची भेट झालीच नाही.