रात्री नऊची गोळी

टिटवाळ्याच्या मास्तरांचा मुलगा गेला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. त्यातली तेरा वर्षं तो रक्ताच्या कर्करोगासकट जगला. दिवसकार्य आटोपल्यावर मास्तरांनी ठरवलं, काळू नदीच्या काठी त्याच्या नावाचा दगडी बाक बसवायचा. निवृत्तीच्या पैशांतून रक्कम बाजूला काढली, गवंड्याला सांगून ठेवलं. बाकावर कोरायची ओळ मात्र काही केल्या सुचेना.

आजाराचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, आणि त्या चुकीच्या जोडातून तयार झालेलं प्रथिन पांढऱ्या पेशींची वाढ थांबू देत नाही. पाश्चात्त्य देशांत हा बहुधा उतारवयातला आजार; आपल्याकडे ऐन उमेदीतली माणसं त्यात सापडतात. २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिब या औषधाला मान्यता मिळाली आणि काही वर्षांत माणूस नेणारा हा आजार रोजच्या गोळीवर आला. मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला १,२०,००० रुपयांच्या आसपास लागत; भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आठ-दहा हजारांत मिळत. नोव्हार्टिसने पेटंट मागितलं, मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. त्या संध्याकाळी मास्तरांच्या मुलाने लोकलमधल्या मित्रांना पेढे वाटले. किती घरांची चूल त्या निकालाने पेटती राहिली, हे औषधाच्या दुकानात बिल देणाऱ्यालाच कळावं.

तो रोज नोकरीला जाई. रात्री जेवण झालं की नऊला गोळी, वर ग्लासभर पाणी. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला परळचं रुग्णालय. लोकलने दादरला उतरायचं, तिथून धीमी पकडायची. अपंग आणि कर्करोगग्रस्तांच्या राखीव डब्यात चढला की कुणीतरी हटकायचंच, "धडधाकट तर दिसतोस, इथे काय करतोस?" तो कागद दाखवायचा आणि त्याच माणसाशी गप्पा मारायला लागायचा. याच डब्यात त्याला आसनगाव, वासिंद, खडवलीचे रुग्ण भेटले. बहुतेक त्याच्यासारखेच, वरून ठणठणीत. मला वाटतं, या आजाराचा खरा दगा तोच आहे. गोळी लागू पडली की माणसाला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की गोळी नकोशी होते.

आता मधली गोष्ट. लग्न जुळावं म्हणून लांबलांबून लोक टिटवाळ्याच्या महागणपतीला येतात. मास्तरांच्या घरी मात्र स्थळं दारातून परत जात. एकदा एक चांगलं स्थळ आलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी औषधाचे डबे कपाटात वर, मागच्या बाजूला सरकवले आणि म्हणाले, "आता चांगला बरा आहेस की. किती दिवस गोळ्या खाणार?"

मुलगा काही बोलला नाही. पण त्याने गोळी सोडली. डॉक्टरांना न विचारता, काही महिने. लग्न नाहीच जुळलं. पुढच्या रक्ततपासणीत आजाराचा आकडा चढलेला होता. जुनी गोळी पुरेना, दुसरी सुरू झाली. तिने आणखी काही वर्षं दिली. मग तीही चालेना.

बाकावरची ओळ शोधता शोधता मास्तरांच्या हाती मुलाची वही लागली. पानापानांवर नावं, फोन नंबर, गोळीची वेळ. रात्री जेवण झालं की तो गच्चीवर फोन घेऊन का जायचा, याचा उलगडा तेव्हा झाला. तो या सगळ्यांना विचारायचा, "घेतली का?" पहिल्या पानावर नव्या रुग्णाला सांगायच्या गोष्टी त्याने लिहून ठेवल्या होत्या. त्यात एक वाक्य होतं: 'घरचे मायेने म्हणतील, आता बरा आहेस, गोळी कशाला. त्यांच्यावर रागावू नका, पण गोळी सोडू नका.'

मास्तर ते पान हातात धरून बसून राहिले. त्या वाक्यात कुणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. बायकोला म्हणाले, "त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही गं." ती म्हणाली, "दाखवणार कसा? तुमचाच मुलगा."

दुसऱ्या दिवशी गवंड्याला निरोप गेला, बाक नको. बाजूला काढलेले पैसे वहीतल्या ज्यांना तपासणी परवडत नव्हती त्यांच्याकडे जाऊ लागले. आणि रात्री नऊला फोन करायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं. सुरुवातीला त्यांना बोलता येईना. वर्गात चाळीस पोरं गप्प करणारा माणूस दोन शब्दांवर अडायचा. आसनगावच्या एका मुलाने गोळी सोडल्याचं कळलं तेव्हा त्यांनी मुलाला काही न म्हणता त्याच्या वडिलांकडे फोन द्यायला सांगितलं.

"मी टिटवाळ्याहून बोलतोय," ते म्हणाले. "तुमच्यासारखंच मीही माझ्या मुलाला म्हटलं होतं, आता बरा आहेस. त्याने माझं ऐकलं. तुम्ही उद्याच त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा."

ते वडील दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन परळला गेले. त्याची गोळी पुन्हा सुरू झाली आहे.