आजचे चिंतन : क्षमा म्हणजे नेमकं काय?

(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक ३)

आजच्या श्लोकात भगवंतांनी दैवी संपत्तीचे शेवटचे सहा गुण सांगितले आहेत : तेज, क्षमा, धृती, शुचिता, अद्रोह आणि मोठेपणाचा ताठा नसणे. त्यातल्या एकाच शब्दापाशी आज थांबूया. क्षमा.

रोजच्या बोलण्यात आपण 'माफ केलं' म्हणतो. माफी हा शब्द मूळ अरबी, फारसीमार्गे मराठीत आलेला. त्याच्या मुळाशी पुसून टाकण्याचा अर्थ आहे. म्हणून तर कर्ज माफ होतं, शेतसारा माफ होतो. नोंद होती, ती खोडली.

क्षमेचं तसं नाही. संस्कृत 'क्षम्' धातूचा अर्थ सहन करणे, सोसणे; आणि समर्थ असणे हाही. सक्षम, कार्यक्षम, क्षमता हे आपले नेहमीचे शब्द त्याच धातूपासून आले. पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. नांगर चालवा, विहीर खणा, ती भार वाहतच राहते.

म्हणजे बघा, क्षमा केली म्हणून चूक ही बरोबर ठरत नाही. झालेलं पुसलंही जात नाही. ज्याच्यात परतफेड करण्याची ताकद आहे, तो ती ताकद सोसण्यासाठी वापरतो. नाइलाजाने गप्प बसणं ही क्षमा नव्हे.

मग अन्याय मुकाट्याने सोसायचा का? हा प्रश्न द्रौपदीलाही पडला होता. राज्य गेलेलं, भर सभेत विटंबना झालेली, आणि वनात युधिष्ठिर शांत बसलेला. वनपर्वात ती त्याला प्रल्हाद आणि त्याचा नातू बळी यांचा संवाद सांगते. सदासर्वदा तेज दाखवणं हिताचं नाही, तशी सदासर्वदा क्षमाही हिताची नाही. नेहमी क्षमा करणाऱ्याला त्याचे नोकरसुद्धा जुमानत नाहीत. युधिष्ठिर उत्तरात क्षमेचीच थोरवी सांगतो. महाभारताने दोघांचंही म्हणणं जपून ठेवलं आहे. गीतेने तर तेज आणि क्षमा हे दोन शब्द शेजारीच बसवले.

घरात कुणी दुखावलं की आपण चटकन म्हणतो, "जाऊ दे, सोडून दे." पण सोसायचं असतं त्याला. त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि राग जातच नसेल तर? आद्य शंकराचार्य गीताभाष्यात एक सूक्ष्म फरक दाखवतात. कुणी शिवी दिली, मारलं, तरी मनात विकारच न उठणे ही क्षमा. उठलेला विकार शांत करणे हा अक्रोध. अक्रोध तर आदल्याच श्लोकात येऊन गेला! आपल्यासारख्यांना केवढा दिलासा आहे हा. राग आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. आज अक्रोधाची पायरी चढूया, क्षमेची पुढची.

देवा, जे पेलवत नाही ते पेलण्याची क्षमता दे. आणि जिथे बोलायलाच हवं, तिथे तेजही दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥