थकायचं कुणी?

शिरोळ तालुक्यातलं सैनिक टाकळी. पहिल्या महायुद्धापासून इथल्या घराघरांतून पोरं फौजेत गेली. अशाच एका घरातले निवृत्त सुभेदार आणि कोल्हापुरात राज्यशास्त्र शिकणारी त्यांची नात.

नात : आबा, लोकशाही देशांना लांबलेली लढाई झेपत नाही म्हणतात. व्हिएतनाममधून 1973 मध्ये अमेरिका निघाली. तुम्हीही श्रीलंकेतल्या जाफन्यातून तसेच परतलात ना?

आबा : आम्ही हुकूम आला म्हणून परतलो. श्रीलंकेच्या अध्यक्षांनीच जा म्हटलं होतं, दिल्लीतलं सरकारही बदललं होतं. मार्च 1990 ला शेवटची फौज निघाली. पण लोकांचा धीर सुटला म्हणू नकोस. सुटायला आधी तो धरावा लागतो. भारत-श्रीलंका करार 29 जुलै 1987 चा, दुसऱ्या दिवशी फौज उतरायला लागली. शांतता राखायला गेलो आणि ऑक्टोबरात तमिळ बंडखोरांशीच लढाई जुंपली. 1,100 हून जास्त जवान गेले. कशासाठी, हे त्यांच्या आयांना कुणी सांगितलं?

नात : आणि 1971 च्या बांगलादेश युद्धात सांगितलं होतं?

आबा : सुमारे 1 कोटी निर्वासित डोळ्यांसमोर होते गं. शिवाय 13 दिवसांत निकाल लागला.

नात : मग सियाचिन? 1984 पासून आपण तिथं आहोत. सरकारं आली, गेली, कुणी माघार घेतली नाही. ही लोकांची चिकाटीच ना?

आबा : चिकाटी जवानाची. लोकांना सियाचिन आठवतं ते बर्फाखाली कुणी गाडलं गेलं की. ज्या गल्लीतलं एकही पोर तिथं नाही, त्या गल्लीनं थकायचं कशानं?

नात : पण लोक तिकडं रोज बघायला लागले, तर उद्या म्हणतील, आणा त्यांना खाली.

आबा : म्हणू देत. ती जागा का धरलीय, हे सरकारनं समजावून सांगावं. तरीही लोक नको म्हणाले, तर खाली यायचं. पुढं मार बसला तर सगळ्यांनी मिळून सोसायचा.

नात : मार सगळ्यांना मिळून बसत नाही, आबा. सीमेवरच्या गावाला बसतो.

(मला इथं नातीचंच पटतं. मत सगळ्यांचं आणि मरण काहींचं, ही फट कुठल्याही मतपेटीनं बुजत नाही.)

नात : 1988 ला, तुम्ही श्रीलंकेत असताना, टाकळीत मतदान घेतलं असतं तर?

आबा : तुझ्या पणजीनं पोराला परत आणा म्हटलं असतं. मी नको म्हटलं असतं. शेजारी पडलेल्यांना सोडून कसा येऊ?

नात : मेलेल्यांसाठी लढत राहायचं? लढाया संपत नाहीत त्या अशानंच.

आबा : व्हय. म्हणून एकट्या फौजीला विचारू नये. तुझ्या पणजीलाही विचारायला हवं होतं.