दोन्ही टोकांना एकच चिन्ह

एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला मी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचं गणित घालते. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात येतात ती वर्षातून दोनदाच: 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. त्या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या साधारण 18 अंश दक्षिणेला मावळतो. 'आर' या संगणकभाषेत फंक्शन लिहायचं: मावळतीची दिशा वजा किरणांच्या वाटेची दिशा. उत्तर शून्य येईल तो दिवस म्हणजे समीकरणाचं मूळ. कोल्हापूरचा अक्षांश आणि वाटेची दिशा बाहेरच्या फंक्शनमध्ये ठरतात. त्याच्या पोटातल्या फंक्शनच्या हाती फक्त दिवस. बाहेरचे आकडे ते वापरतं, ते खरे आहेत का हे विचारत नाही.

मग 'आर'मधल्या युनिरूट या मूळ शोधणाऱ्या फंक्शनला कामाला लावायचं. 1 नोव्हेंबर ते 28 फेब्रुवारी एवढा पट्टा दिला की ते शोध सुरू करण्याआधीच हात वर करतं: दोन्ही टोकांची चिन्हं विरुद्ध नाहीत. कुणीतरी विचारतंच, "म्हणजे मूळच न्हाई का ओ मॅडम?" आहेत की, चांगली दोन आहेत! दोन्ही टोकांना सूर्य वाटेच्या उत्तरेला मावळतो, मधे डिसेंबरात दक्षिणेला. पट्टा 22 डिसेंबरला तोडा, दोन्ही तारखा हाती येतात.

चिन्हं विरुद्ध असली आणि मधे कुठे खंड नसला तर मूळ असतंच, हे 1817 साली प्रागच्या बोल्झानोनं सिद्ध केलं. गृहस्थ कॅथलिक धर्मगुरू, विद्यापीठात धर्म शिकवायचा. पण चिन्हं सारखी असली तर काय, यावर त्याचा सिद्धांत गप्प आहे.

मग न सापडण्यावरून 'नाही' असं कधी म्हणावं? आपल्याकडे कुमारिल भट्टांच्या मीमांसेत 'न दिसणं' हेही ज्ञानाचं साधन मानलंय, अनुपलब्धी. नैयायिकांना ते वेगळं प्रमाण म्हणून मान्य नाही. मला त्यातली अट महत्त्वाची वाटते: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. नोव्हेंबरात ढग आले नि किरणं मूर्तीपर्यंत पोचली नाहीत, तर तारीख चुकली असं कुणी म्हणेल का?

माझा भाचा देव मानत नाही. "शोधला, सापडला नाही," म्हणतो. मी विचारलं, "कुठल्या टोकापासून कुठल्या टोकापर्यंत शोधलास? आणि असता तर नेमका कधी दिसायलाच हवा होता?" तो म्हणाला, "ऑगस्ट 2019, मावशी. शिरोळची गावं पाण्याखाली होती तेव्हा."

हे उत्तर मला पटलं, निदान त्याची घडण पटली. ही कुमारिलांचीच अट झाली. फक्त 'देव दयाळूच असतो' हे त्यानं बाहेरच्या फंक्शनमध्ये पक्कं करून ठेवलंय, आणि ते उचललंय थेट आजीकडून, म्हणजे माझ्या आईकडून, जी दर शुक्रवारी अंबाबाईला जाते.