फ्रेंचच्या वर्गात मराठीची जागा

मराठीच्या घडणीवरचा जो ग्रंथ आजही अभ्यासकाला टाळून पुढे जाता येत नाही, तो फ्रेंचमध्ये लिहिला गेला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांचा हा प्रबंध १९२० साली पॅरिसमध्ये पुस्तकरूपाने निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. इंग्रजी वाचकाला त्यासाठी १९७० पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं हे ज्ञान मराठी वाचकाच्या हाती होतं आणि इंग्रजी वाचकाच्या नव्हतं. फ्रेंच शिकलेल्या मराठी माणसाने काय करावं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आज आपल्याकडे फ्रेंचची ओळख बहुधा अकरावीत होते. मराठी सोडून फ्रेंच घेतलं की टक्केवारी वाढते, असं घराघरांत ठरलेलं असतं. नंतर कुणी आलियाँस फ्राँसेजमध्ये जातं, ए-१ पासून एकेक पायरी चढत बी-२ ची डेल्फ परीक्षा देतं आणि एखाद्या कंपनीत लागतं. त्यात गैर काही नाही. पोट भरणारी भाषा शिकणं हे चांगलंच काम आहे. पण मग पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबईत कलिनाला एम.ए.ची दोन वर्षं कशासाठी घालवायची? पत्रव्यवहाराचा कामचलाऊ अनुवाद तर आता यंत्रही करतं.

माझं उत्तर असं, की विद्यापीठात वाचायला शिकवतात. फ्रेंच अध्यापनात उताऱ्याचं विवरण करण्याची जुनी शिस्त आहे. वीस-पंचवीस ओळी घ्यायच्या आणि लेखकाने हाच काळ का वापरला, वाक्य इथेच का तोडलं, बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे मजकुराच्याच आधाराने दाखवायचं. सारांश सांगून सुटका नाही. ‘टिपा लिहा’वर वाढलेल्या मुलांना सुरुवातीला ही शिस्त जाचते, पण ती एकदा अंगात मुरली की वर्तमानपत्रातला अग्रलेखही पूर्वीसारखा वाचता येत नाही.

फ्रेंच लेखिका आनी एर्नो यांचं वडिलांवरचं ‘ला प्लास’ (१९८३) घ्या. वडील आधी शेतमजूर, मग कारखान्यात कामगार, पुढे नॉर्मंडीतल्या लहान गावात कॅफे आणि किराणा चालवणारे. मुलगी शिकते, शिक्षिका होते, आणि त्या शिक्षणामुळेच बाप-लेकीत अंतर पडतं. हे सगळं एर्नो मुद्दाम सपाट, अलंकार नसलेल्या भाषेत लिहितात. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेली मुलगी बीडहून किंवा नंदुरबारहून येऊन हे पुस्तक वाचते, तेव्हा तिला फ्रान्सची माहिती मिळते हे खरं. पण त्याहून मोठं असं की घरी कुणाशी बोलता न आलेल्या गोष्टीला मांडणी मिळते. कवितेतही तेच: फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या एमे सेझेर आणि सेंघोर या कवींनी तीसच्या दशकात पॅरिसमध्ये काळ्या माणसाच्या स्वाभिमानाची भाषा घडवली. ‘गोलपिठा’तली दलित कविता वाचलेल्या विद्यार्थ्याला सेझेर कळायला वेळ लागत नाही.

मात्र हा विद्यार्थी वर्गात मराठी दाराबाहेर ठेवून येतो. व्याकरण समजावलं जातं इंग्रजीतून, आणि अनुवादाच्या तासाला बहुधा फ्रेंच-इंग्रजी एवढीच जोडी असते. हे मला फार खटकतं. निर्जीव वस्तूंना लिंग असतं, मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणतात, हे मराठी मुलाला जन्मापासून माहीत आहे आणि फ्रेंचमध्येही तसंच आहे. इंग्रजीत त्यातलं काहीच नाही. आणखी पाहा: ‘मी पत्र लिहिलं’, पण ‘मी चिठ्ठी लिहिली’. आपलं भूतकाळी क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं, तर ‘आव्हवार’ या सहायक क्रियापदाबरोबरचं कृदंतही कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. खुद्द फ्रेंच मुलं ज्या नियमावर अडखळतात, त्याची किल्ली मराठी मुलाच्या खिशात असते आणि ती काढायला त्याला कुणी सांगत नाही.

उलट दिशेचं काम कुणी केलं तेही पाहावं. तुकोबांचे अभंग गी दलरी यांनी फ्रेंचमध्ये नेले, ते १९५६ मध्ये गालीमारने छापले. दया पवारांचं ‘बलुतं’ पुण्यात स्थायिक झालेल्या गी प्वातव्हँ यांच्यामुळे १९९० मध्ये फ्रेंच वाचकांपर्यंत गेलं. इंग्रजीत ते यायला २०१५ उजाडलं. दोघेही फ्रान्समधून येऊन मराठी शिकलेले. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण आपल्या विद्यापीठांतून फ्रेंच शिकून बाहेर पडणाऱ्यांनीही हा रस्ता वाहता ठेवायला हवा, आणि त्यासाठी अभ्यासक्रमानेच त्यांना त्या रस्त्यावर सोडायला हवं.

वर्गातल्या सगळ्यांनाच मराठी येत नाही, असं यावर सांगितलं जातं. खरं आहे. परप्रांतांतली मुलं असतात, आणि मराठी घरांतली काही मुलंही मराठी अडखळत वाचतात. म्हणून सक्ती नको. एम.ए.च्या शेवटच्या सत्रात प्रबंधाऐवजी मराठी-फ्रेंच अनुवादाचा पर्याय ठेवावा: एक कथा किंवा आत्मचरित्रातलं एक प्रकरण, कुठल्याही दिशेने, इंग्रजीचा आधार न घेता, आणि सोबत आपल्या निर्णयांचं विवरण. तपासायला दोन परीक्षक असावेत, एक फ्रेंच विभागाचा, एक मराठी विभागाचा. दोघांनी एकत्र बसून गुण द्यावेत.