कानातल्या रंगपेशी आणि पूर्वजन्मीचं पाप

घरात जन्मतः बहिरं मूल आलं की आपल्याकडे डॉक्टरच्याही आधी एक प्रश्न दारात उभा राहतो: हे कुणाच्या पापाचं फळ? प्रश्न जुना आहे. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय बहिरेपणाला पूर्वकर्माचं उरलेलं फळ म्हणतो आणि नववा अध्याय जन्मांध व जन्मबधिर यांना वडिलोपार्जित वाटणीतून वगळतो. हे पोथीत पडून राहिलं नाही. इंग्रजी अमलातल्या हिंदू कायद्यातही असं व्यंग वारसाहक्काच्या आड येत होतं आणि ते दूर करायला १९२८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. योहानाच्या शुभवर्तमानातही एका जन्मांधाकडे बघून शिष्य येशूला विचारतात, पाप याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो.

आता कानाच्या आत पाहू.

कातडीला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही असतात, जिथे ऊन कधी पोहोचत नाही. गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या श्रवणनलिकेच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला एक पट्टा असतो. त्याच्या मधल्या थरात या रंगपेशी बसलेल्या असतात. त्यांच्यातून होणाऱ्या पोटॅशियमच्या ये-जामुळे नलिकेतल्या द्रवात सुमारे ८० ते १०० मिलिव्होल्टचा धन विद्युतदाब टिकतो. आवाज आला आणि तो टिपणाऱ्या केसपेशींचे तंतू हलले की याच दाबाच्या जोरावर त्यांच्यात पोटॅशियम शिरतं आणि मेंदूकडे संदेश निघतो. रंगपेशीच नसतील तर हा दाब तयार होत नाही आणि कान बहिरा राहतो.

यात खुद्द रंगाचं काम फारच थोडं. अल्बिनिझम असलेल्यांच्या शरीरात रंगद्रव्य नीट बनत नाही, पण पेशी जागेवर असतात, म्हणून त्यांना साधारणपणे चांगलं ऐकू येतं. कोकणातल्या घाऱ्या डोळ्यांच्या माणसांनाही काळजीचं कारण नाही.

या पेशी मुळात कानातल्या नव्हेत. गर्भाच्या पाठीच्या रेषेवर, भावी मज्जारज्जूच्या कडेला त्या तयार होतात आणि तिथून लांबचा प्रवास करून कातडीत, डोळ्यांत, कानांत पोहोचतात. कधी काही वाटेतच मरतात. मग कपाळावर पांढरी बट दिसते, डोळा निळा होतो, कधी एक कान बहिरा राहतो, कधी दोन्ही. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं बहुधा बहिरी असतात, हे डार्विननेही नोंदवलं होतं. माणसातला हा लक्षणसमूह डच नेत्रतज्ज्ञ पेट्रस वार्डेनबर्ग यांनी १९५१ मध्ये मांडला. त्यात कधी तोच जनुकदोष आईला नुसती पांढरी बट देतो आणि तिच्या मुलाला ठार बहिरं करतो.

कर्मवादी म्हणेल, कुठली पेशी पोहोचावी हे अदृष्टानेच, म्हणजे पूर्वकर्माच्या न दिसणाऱ्या फळानेच, ठरवलं. या युक्तिवादाला उत्तर आपल्याच दर्शनांत सापडतं. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे सरकणाऱ्या सुईची हालचालही अदृष्टाच्या खात्यात टाकलेली आहे. त्या काळी दुसरं कारण हाती नव्हतं, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. पुढे चुंबकत्व कळलं आणि सुईच्या पूर्वकर्माचा विचार कुणी केला नाही. बहिऱ्या मुलाला मात्र ती सवलत अजून मिळालेली नाही. जे कुठल्याही घटनेला सारखंच लागू पडतं, ते या मुलाबद्दल वेगळं काहीच सांगत नाही. फक्त त्याच्या आईला आरोपी करतं. कर्मसिद्धांताने माणसाला आपल्या वागण्याची जबाबदारी शिकवली, ते त्याचं मोठेपण. गर्भातल्या पेशींच्या प्रवासावर निवाडा देणं हे त्याचं क्षेत्र नव्हे.

रंगपेशींअभावी बहिऱ्या राहिलेल्या मुलांचा श्रवणतंतू बहुधा शाबूत असतो, म्हणून त्या तंतूला थेट विद्युतसंदेश देणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटचा त्यांना चांगला उपयोग होतो. इम्प्लांट असो की खुणांची भाषा, सुरुवात लवकर व्हावी लागते. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यातच करून घ्या आणि त्याच्या आईपुढे पूर्वजन्माचा विषय काढू नका.