अभेद्य पुरुषाचे मर्मस्थान

ज्याच्या देहावर शस्त्र चालत नाही, ज्यास अग्नी जाळीत नाही आणि ज्याच्या बळास सीमा नाही, अशा पुरुषास भय कशाचे? अमेरिकेतील क्लीव्हलंड नगरात राहणाऱ्या जेरी सीगल व जो शूस्टर या दोन तरुणांनी असा एक पुरुष कल्पिला. इ. स. १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’ या चित्रकथांच्या नियतकालिकातून तो लोकांसमोर आला. त्याचे नाव सुपरमॅन. क्रिप्टन नावाचा ग्रह नष्ट होत असता मातापित्यांनी यानात ठेवून पृथ्वीकडे पाठविलेले हे बालक येथे महाबली झाले.

परंतु कथाकारांनी त्यासही मर्मस्थाने दिली. जादूपासून त्यास संरक्षण नाही. भिंतीपलीकडचे पाहणारी त्याची दृष्टी शिशापाशी थबकते. मात्र त्याचे मुख्य मर्म निराळेच आहे. इ. स. १९४३ मध्ये नभोवाणीवरील कथामालेत आणि १९४९ मध्ये चित्रकथेत ‘क्रिप्टोनाइट’ नावाचा पदार्थ आला. तो हिरवा, तेजस्वी पाषाण जवळ येताच सुपरमॅनचे बळ ओसरते, तो भूमीवर कोसळतो, आणि पाषाण दूर न झाल्यास त्याचे प्राणही जाऊ शकतात. हा पाषाण कोठला? त्याच्याच जन्मग्रहाचा! परक्यांचे तोफगोळे ज्यास ओरखडाही काढू शकत नाहीत, त्यास स्वतःच्या घराचा एक तुकडा लोळवितो.

कथा मनोरंजनाची असली तरी विवेकी पुरुषाने येथे क्षणभर थांबावे. द्रोणाचार्यांचे काय झाले? हाती धनुष्य असेपर्यंत ते अजिंक्य होते. पांडवसेनेतील कोणाच्याही बाणाने ते ढळले नाहीत. परंतु अश्वत्थामा पडला हे शब्द कानी येताच त्यांनी शस्त्र खाली ठेवले. अर्जुनाचेही तेच. शत्रूंना पाहून त्याचे गांडीव कधी गळाले नव्हते. ते गळाले स्वजनांना पाहून. गात्रे शिथिल झाली, मुख शुष्क झाले, देह कापू लागला. गीतेचा आरंभ या मर्मस्थानापासून होतो.

गृहस्थाने आपले मर्म कोठे आहे हे शोधावे. एखादा अधिकारी तीस वर्षे लाचेच्या पैशास शिवत नाही. धमकीस भीत नाही, प्रलोभनास भुलत नाही. पुढे मुलाच्या नोकरीचा प्रश्न उभा राहतो, आणि तोच हात एका अयोग्य कागदावर सही करतो. ‘माझ्यासाठी नव्हे, मुलासाठी केले’ असे तो मनाचे समाधान करतो. त्या सहीने दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाचा हक्क बुडाला, हे त्यास दिसत नाही. जे संकटाने साधले नाही ते ममतेने साधले.

मग काय पुत्रावर प्रेम करू नये? गीता असे सांगत नाही. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी पुत्र, पत्नी, गृह यांविषयी अनभिष्वंग सांगितला आहे. अभिष्वंग म्हणजे प्रेम नव्हे. त्यांच्या सुखदुःखास आपलेच सर्वस्व मानून चिकटून राहणे म्हणजे अभिष्वंग. प्रेम पुत्राचे हित पाहते. ममता ‘माझा’ एवढेच पाहते. म्हणून प्रेम बळ देते आणि ममता बळ हरण करते.

त्या कथेत शिशाच्या पेटीत ठेवलेला क्रिप्टोनाइट बाधत नाही. पेटी उघडली की तोच ताप पुन्हा! मनोनिग्रहाचेही असेच आहे. विषय दूर ठेवला तरी त्याची गोडी आत राहते, आणि ती परमात्मदर्शनानेच निवृत्त होते, असे दुसरा अध्याय सांगतो. म्हणून केवळ पेटी बंद करून निश्चिंत राहू नये. ‘हे सर्व माझे’ या ठिकाणी ‘हे सर्व त्याचे, मी केवळ सांभाळणारा’ ही भावना नित्य दृढ करावी. मुलासाठी कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हे परक्याच्या मुलासाठी कोणी केले असते, तर मी त्यास न्याय म्हटले असते काय?

शस्त्रे ज्यास छेदीत नाहीत असा खरा अभेद्य तो आत्माच होय. ज्याने त्याचा आश्रय घेतला, त्याच्या घरात स्नेह राहतो, परंतु मर्मस्थान उरत नाही.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥